वय ३१, पुढचे दात एकमेकांवर चढलेत, ऑफिसात तारा दिसायची लाज वाटते. अलाइनर घ्यावेत की नेहमीच्या तारा लावाव्यात?

दातांचं शास्त्र सांगायला डॉक्टर मंडळी येतीलच. मला तुमचं ते लाजेचं झोंबलं, म्हणून लिहायला बसले.

मी सांगलीत एका सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसते. पस्तिशी उलटल्यावर तोंडात स्टीलच्या तारा बसवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. पेन्शनच्या रांगेतल्या एका आजोबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, अपघात झाला काय हो?" रांग हसली, मीही हसले. पुढे थोड्याच दिवसांत कुणी बघेनासं झालं. लोकांना आपल्या नोटांशी मतलब असतो, कॅशियरच्या दातांशी नाही. तुमच्या ऑफिसातही याहून वेगळं काही होणार नाही.

खरा त्रास घरच्यांचा. आमच्या धाकट्या जाऊबाई पुण्याला असतात. त्यांनी माझ्या आधी अलाइनर घेतले होते, हप्त्यांवर. अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे, काढता-घालता येणारे, एकामागून एक बदलत जायचे. मी तारा लावायचं मनात आणलं तेव्हा गौरी जेवायच्या दिवशी भरल्या पंगतीत म्हणाल्या, "ताई, तारा म्हणजे शाळेतल्या पोरींचं काम. आता कोण लावतं?" सासूबाईंनी वरून फोडणी दिली, "पोरं झाली, संसार झाला, आता दात सरळ करून कुणाला दाखवायचेत?" एकीला पद्धत जुनाट वाटत होती, दुसरीला माझं वय. मी वाढत राहिले.

जाऊबाईंच्याच आग्रहाने त्यांच्या कंपनीच्या पुण्यातल्या सेंटरवर गेले. एका मुलीने तोंडात स्कॅनर फिरवला आणि दहा मिनिटांत स्क्रीनवर माझे दात सरसर ओळीत येताना दाखवले. "आठ महिने, मॅम." एक्स-रे विचारला तर म्हणाली, गरज नाही. विचार करून सांगते म्हटलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

सांगलीतल्या ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरने, सगळ्यात आधी ओपीजी काढायला लावला. ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एक लांबलचक एक्स-रे. त्यात माझा वरचा डावा सुळा टाळूच्या बाजूला हाडात आडवा झोपलेला. ज्याला मी इतकी वर्षं सुळा समजत होते तो दुधाचा दात होता, पडायचाच राहिलेला! त्या व्हिडिओत तोच दुधाचा दात छान ओळीत बसवला होता. स्कॅनरला हिरडीच्या वरचं दिसतं, हाडातलं दिसत नाही, ही साधी गोष्ट. अलाइनर दाताला बाहेरून धरून ढकलतो. जो दात बाहेर आलेलाच नाही, त्याला धरणार कुठून?

मग दुधाचा दात काढला, टाळूची हिरडी उघडून सुळ्यावर एक बारीक बटण चिकटवलं, त्याला केसाएवढी नाजूक साखळी आणि ती साखळी तारेला बांधली. या वयात सुळा हाडाला चिकटलेला असू शकतो, मग तो हलत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. दर व्हिजिटला साखळी किती सैल झाली ते बघायचे आणि खाली आलेली कडी कट करून टाकायचे. पहिली कडी कापली तेव्हा डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त खूश होते. पुढे एक दिवस आरशात हिरडीतून पांढरं टोक दिसलं आणि मी नवऱ्याला झोपेतून उठवलं.

दिवाळीला जाऊबाई भेटल्या. त्यांचं म्हणणं, अलाइनर स्टॅनफर्डला शिकलेल्यांनी शोधलेत, तारा कधीच्या मागे पडल्या. मी वाचून तयार होते. १९९७ साली कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही अलाइनर बनवणारी कंपनी सुरू करणाऱ्या दोघांपैकी झिया चिश्तींनी स्वतः मोठेपणी तारा लावल्या होत्या, आणि तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या रिटेनरवरून त्यांना अलाइनरची कल्पना सुचली. म्हणजे ज्याने अलाइनर आणले त्याचेच दात तारांनी सरळ केलेले. जाऊबाईंनी विषय बदलून फराळाला हात घातला, आणि त्यासाठी आधी अलाइनर काढून रुमालात ठेवले.

तिथेच सगळी मेख आहे. दिवसाचे वीस-बावीस तास ते तोंडात हवेत. लावलेले असताना फक्त पाणी चालतं. गरम चहाने प्लॅस्टिक वाकतं, शिवाय डाग पडतात. म्हणजे चहा आला की काढा, प्या, चूळ भरा, जमलं तर ब्रश करा, परत लावा. माझ्या टेबलावर दिवसातून चार वेळा चहा येतो. जाऊबाईंच्याकडे त्यात भिशी आणि हळदीकुंकवाची भर. डबी विसरायची, मग रुमाल, मग रुमाल धुवायला. पुढचा सेट बसेना म्हणून मधेच नवीन स्कॅन करावं लागलं आणि "आठ महिने" दीड वर्षावर गेले. शिवाय "दिसतच नाहीत" म्हणून घेतलेल्या अलाइनरसाठी दातांवर दाताच्याच रंगाचे उंचवटे चिकटवतात आणि कधी कधी दोन दातांमधे किंचित घासतात, हे त्यांना पैसे भरल्यावर कळलं. तारांचं बरं असतं. तुम्ही आळशी असलात तरी त्या रात्रंदिवस आपलं काम करत राहतात.

आता तुमच्याबद्दल. दात थोडेसेच चढलेले असतील तर दोन्हीने होतं. खूप गर्दी असेल, दाढेच्या पुढचे दात काढून जागा करायची असेल, सुळे फिरलेले असतील, तर बऱ्याचदा तारांनी काम सोपं होतं. पण एक्स-रे न बघता जो कुणी महिने सांगतो त्याच्याकडून उठून या. बीडीएसनंतर तीन वर्षं ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेला माणूस गाठा आणि दर वेळी तोच तपासणार का, हेही विचारा. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी डॉक्टरकडे न जाता घरपोच अलाइनर द्यायची, डिसेंबर २०२३मध्ये ती बंद पडली आणि कितीतरी लोकांचे दात अर्ध्यावर राहिले. पैशांचं म्हणाल तर साध्या स्टीलच्या तारा सगळ्यात स्वस्त. मुंबई-नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजांत त्याहून कमी खर्चात होतं, फक्त वेळ काढावा लागतो. ब्रॅकेट म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवतात ते बारीक तुकडे; ते दाताच्या रंगाच्या सिरॅमिकचे घ्यायचे हा मधला मार्ग आहे, पण त्यावरचे पारदर्शक रबर आपल्या हळदीने दोन जेवणांत पिवळे होतात.

तारांची वकिली चाललीय तर त्यांचंही सांगते. पहिला आठवडा गाल सोलून निघतात, मेण लावावं लागतं. भडंग खाल्लं की प्रत्येक ब्रॅकेटमधे एकेक चुरमुरा. चिक्की, कणीस, अख्खा पेरू विसरा. ब्रशिंगमध्ये कुचराई केली तर तारा निघाल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात. हिरड्यांचा आजार असेल किंवा सतत फिरतीची नोकरी असेल तर काढता येणारे अलाइनर सोयीचे पडू शकतात. आणि जाऊबाईंना पुढच्या दोन दातांतली फट तेवढी बुजवायची होती. त्यांनी ते नीट वापरले असते तर त्यांच्यासाठी अलाइनर योग्यच होते, हे मी मान्य करते. त्यांच्यासमोर नाही करणार.

रिटेनर मात्र दोन्हीकडे चुकत नाही. दात आपल्या जुन्या जागी जायला बघतात, म्हणून रात्रीचा रिटेनर डॉक्टर वर्षानुवर्षं लावायला सांगतात. मी लावते. जाऊबाईंनी तो गरम पाण्याने धुतला, वाकडा झाला, नवीन केलेला नाही. फट परत दिसायला लागलीय, असं परवा सासूबाईच फोनवर म्हणाल्या.