घरातील मनीप्लांटची वेल लांब आणि भरगच्च कशी वाढवावी?

तुम्ही लिहिले आहे की हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेल्या तुमच्या मनीप्लांटची वेल पाच फुटांपर्यंत गेली, पण कुंडीजवळची पाने गळून गेली, नवी पाने लहान येऊ लागली आणि घरातील वडीलधारी मंडळी तिला कात्री लावू देत नाहीत. या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसलो. एरवी या विषयावर मी गप्प राहतो, कारण आमच्या घरात मनीप्लांटचे नाव निघाले की ताटातले जेवण थंड होते.

कापा. बिनदिक्कत कापा. कुंडीजवळून गळालेले पान त्याच जागी पुन्हा कधीही येत नाही. तिथे हिरवे काही दिसायचे असेल तर त्या पेरावरील डोळ्यातून नवा फुटवाच यावा लागतो. वेलीचे टोक शाबूत असेपर्यंत ते बहुतेक डोळ्यांना फुटू देत नाही, कारण टोकात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक खाली उतरत राहते आणि खालचे डोळे झोपलेलेच राहतात. टोक छाटले की कापाच्या लगतचे एक-दोन डोळे जागे होतात.

हे मला पुस्तकातून कळले नाही. ठाण्याच्या आमच्या एकत्र कुटुंबाच्या घरी 1998 साली माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, कार्यालयातील एका सहकाऱ्याकडून वीतभर तुकडा आणून बाटलीत लावला. चोरून आणलेला मनीप्लांटच वाढतो असे म्हणतात म्हणून तो पुढे सगळ्यांना चोरून आणल्याचे सांगत असे. प्रत्यक्षात त्याने तो रीतसर मागून, वर चहा पिऊन आणला होता. बाटलीतून कुंडीत, आणि मग भिंतीवर खिळे ठोकत ठोकत ती वेल दाराच्या चौकटीवरून, ट्यूबलाइटच्या पट्टीखालून, पडद्याच्या दांडीवरून खिडकीपर्यंत पोहोचली. गणपतीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दादा आधी वेल दाखवीत असे, मूर्ती नंतर. एकदा त्याने शिलाईच्या टेपने ती मोजली आणि 27 फूट भरली. त्याच दुपारी मी स्टुलावर चढून पाने मोजली. एकूण 41 पाने होती आणि त्यांपैकी 30 खिडकीजवळच्या शेवटच्या सहा फुटांत होती. उरलेल्या 21 फुटांवर 11 पाने! मधली सगळी वेल म्हणजे भिंतीवर टांगलेली सुतळी होती. मी छाटणीचा विषय काढला तेव्हा दादा म्हणाला, ‘‘लक्ष्मीची वेल आहे ती. लक्ष्मीला कात्री लावतात का?’’ आणि वहिनींनी दुधाची पिशवी विसळलेले पाणी कुंडीत ओतले. ते त्या रोज ओतत असत. त्याने वेलीचे काही भले झाले नाही. मातीला आंबूस वास मात्र येई आणि संध्याकाळी दिव्याभोवती चिलटे जमत.

2006 च्या दिवाळीआधी घर रंगवायला काढले. रंगाऱ्याने खिळे उपटताना वेल दाराच्या कोपऱ्यावर मोडली, आणि मोडलेली वेल पुन्हा चढवण्याचा दादाचा खटाटोप सुरू असताना मी सरळ कात्री घेतली. दादा माझ्याशी चार दिवस बोलला नाही. मी मोडलेल्या वेलीचे बारा तुकडे केले, प्रत्येकावर दोन पेरे राहतील असे. पेराशी तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी टोकदार उंचवटा दिसतो. तेच हवेतले मूळ, आणि कात्री त्याच्या अर्धा इंच खाली चालवायची. पेर नसलेला तुकडा पाण्यात कितीही दिवस ठेवला तरी त्याला मूळ येत नाही. हॉर्लिक्सच्या दोन बाटल्यांत तुकडे ठेवले, तेव्हा दहाव्या-बाराव्या दिवशी शेवयांसारखी पांढरी मुळे दिसली. तीन तुकडे कुजले, कारण मध्ये आठवडाभर पाणी बदलायला मी विसरलो होतो. मुळे दोन इंचांची झाल्यावर उरलेले नऊ तुकडे मी त्याच जुन्या कुंडीत, बुंध्याच्या खुंटाभोवती गोल लावले. याहून जास्त थांबू नये. पाण्यात वाढलेली लांब मुळे ठिसूळ असतात आणि मातीत गेल्यावर रोप महिनाभर रुसून बसते. खुंटालाही दोन फुटवे आले. पुढच्या गणपतीत कुंडीची कड दिसत नव्हती, आणि दीड वर्षाने सात-सात, आठ-आठ फुटांच्या वेली मातीपासून टोकापर्यंत पानांनी भरलेल्या होत्या. दादाचे त्यावरचे म्हणणे असे की मूळ वेल जुनी आणि जोमदार होती म्हणूनच तुकडे जगले. तो आजही हेच म्हणतो.

त्याच्या लक्ष्मीच्या मुद्द्यावर माझे एक साधे उत्तर आहे. मनीप्लांट मुळात दक्षिण प्रशांत महासागरातील मोरेआ या बेटाचा. जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्या शरीरात पुरेसे तयारच होत नाही, त्यामुळे तो आपण होऊन जवळजवळ कधीच फुलत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यामागचा जनुकीय दोषही दाखवला गेला. फूल नाही म्हणजे बी नाही. त्यामुळे तुमच्या, माझ्या आणि दादाच्या घरातील मनीप्लांट कोणी ना कोणी कापलेल्या तुकड्यातूनच आलेला आहे. ज्या वेलीला कात्री लावू नये असे तो म्हणतो, ती त्याच्या सहकाऱ्याने कात्रीनेच कापून दिली होती.

आता तुमच्या नेमक्या प्रश्नाकडे येतो. तुमची कुंडी टीव्हीशेजारी आहे, हीच अर्धी गोम आहे. वेलीचे टोक उजेडात असून भागत नाही; कुंडी उजेडात हवी. अंधारात वेल लांबते खरी, पण ती उजेड शोधत लांबते, म्हणून दोन पानांमधले अंतर वाढते, पाने लहान येतात आणि त्यांवरचे पिवळे पट्टे फिके पडून ती नुसती हिरवी होतात. भर दुपारी दिवा न लावता कुंडीपाशी वर्तमानपत्र सहज वाचता आले पाहिजे. पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवरची जागा उत्तम. पश्चिमेचे एप्रिलमधले थेट ऊन मात्र पाने करपवते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरते. थंडीत काही देऊ नये. तेव्हा वाढ मंदावलेलीच असते.

पाने लहान का, याचे दुसरे कारण म्हणजे वेल खाली लोंबते आहे. हे झाड मुळात चढणारे आहे. कोकणात आंब्याच्या खोडावर चढलेल्या मनीप्लांटची पाने सुपाएवढी होतात, आणि त्याच वेलीची सुटून लोंबणारी फांदी पुन्हा तळहाताहून लहान पाने देऊ लागते. त्यामुळे लोंबत्या वेलीवर मोठी पाने हवीत हा हट्ट सोडावा लागेल. मोठी पाने हवी असतील तर मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ गुंडाळलेली काठी, कुंडीत लावून ती ओली ठेवावी. लोंबणारी लांब वेल हवी असेल तर लहान पाने दाट कशी येतील एवढेच पाहावे, आणि त्यासाठी वर्षातून एकदा, शक्यतो जूनमध्ये, दोन-तीन वेली छाटून तुकडे त्याच कुंडीत लावत राहावे. सगळ्या वेली एकाच दिवशी छाटू नयेत. मी छाटल्या होत्या, पण तेव्हा माझा राग झाडावर नव्हता.

वडीलधाऱ्यांना विचारून कापावे की न विचारता, हे मी सांगणार नाही. आमच्याकडे न विचारता कापले आणि त्याची किंमत चार दिवसांचा अबोला एवढीच पडली. दादा आता नाशिकला असतो. मी दिलेल्या तुकड्यांतूनच वाढवलेली त्याची वेल गेल्या महिन्यात फोनवरच्या फोटोत पाहिली: बारा फूट, आणि कुंडीजवळ पुन्हा सुतळी.

एक सांगायचे राहिले. मनीप्लांट अळूच्याच कुळातला, त्यामुळे त्याच्या रसात तसेच खाजरे स्फटिक असतात. कापल्यावर हात धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत, आणि घरात मांजर किंवा रांगते मूल असेल तर वेली त्यांच्या तोंडापर्यंत पोहोचणार नाहीत इतक्या उंच ठेवाव्यात.