अर्जावर सही कुणाची?

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. यंदा बारावीला 58 टक्के पडले. लहानपणी न्यूमोनियाने अगदी हातची गेली होती, तेव्हा 'वाचली तर सिस्टर (नन) करीन' असा नवस मी बोललो होतो. शाळा चालवणाऱ्या सिस्टरांच्या संस्थेचा चौकशी अर्ज भरून सोबत जोडला आहे. अभ्यास सोडून ती आईचं शिवणयंत्र उघडून बसते, दुसरं काही जमेल असं वाटत नाही. सिस्टर झाली तर शिकवेल, आयुष्याची सोय होईल. ती काही बोलत नाही, म्हणजे तयारच आहे. एवढ्या टक्क्यांवर घेतील का?

उत्तर : टक्क्यांचं नंतर बघू. तुमच्या अर्जात 'उमेदवाराची सही' असा रकाना आहे आणि तिथे सही तुमची आहे.

'गप्प आहे म्हणजे तयार आहे' हे लग्नांच्या बाबतीत ऐकून माझे कान किटलेत. कॉन्व्हेंटच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकते आहे. या मुलीने बोलायचं तरी काय? 'नाही' म्हटलं तर बापाचा शब्द मोडला, वर देवाशी बेइमानी. सतराव्या वर्षी एवढं डोक्यावर असेल तर कुणीही गप्पच बसेल.

तुम्ही श्रद्धाळू आहात, म्हणून तुमच्याच चर्चचा कायदा सांगते. 1983च्या कॅनन लॉमधलं कलम 1193 म्हणतं, नवस ज्याने केला त्यालाच तो बांधतो. मुलीला नाही. कलम 643 त्याहून कडक आहे : बळजबरीने, मोठ्या धाकाने किंवा फसवून कुणी नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणाच्या काळात, आली, तर तो प्रवेशच अवैध. नवसाचं ओझं वाटत असेल तर धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांना जाऊन भेटा. योग्य कारण असेल तर ते तुम्हाला त्यातून मोकळं करू शकतात.

आता ती 'आयुष्याची सोय'. कॉन्व्हेंट म्हणजे झगा घालून केलेली कायमची नोकरी, हा समज डोक्यातून काढा. आधी उमेदवारी, मग किमान वर्षभर नॉव्हिशिएट, मग साधारण तीन ते सहा वर्षं तात्पुरती व्रतं. आजीवन व्रतं एकविसाव्या वर्षाआधी घेताच येत नाहीत आणि तोवर संस्थाही नकार देऊ शकते. दारिद्र्याचं व्रत आहे, त्यामुळे शिकवून मिळालेला पगार संस्थेचा. पुढे बाहेर पडली तर केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संस्थेने न्यायाने आणि मायेने वागावं एवढं कायदा सांगतो. आज्ञापालनाचंही व्रत आहे : आज गणित शिकवेल, उद्या वसतिगृह सांभाळायला पाठवतील. मदर तेरेसा अठराव्या वर्षी स्वतःच्या मर्जीने लोरेटो या सिस्टरांच्या संस्थेत गेल्या, कोलकात्यात शिकवलं, 1944 मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. गरिबांमध्ये जाऊन राहायची हाक त्यांना 1946 मध्ये आली, पण रोमची परवानगी मिळून उंबरा ओलांडायला 1948 उजाडलं. ज्यांनी पाचारण, म्हणजे देवाची हाक, स्वतः ऐकलं त्यांनाही इतकं थांबावं लागलं. तुमच्या मुलीच्या वतीने ते तुम्ही ऐकलंय. ती कशाच्या जोरावर थांबणार?

माझा या जीवनाला विरोध नाही. मला गणित एका सिस्टरांनीच शिकवलं. त्या वहीत उत्तर दुरुस्त करत नसत, चूक जिथून सुरू झाली तिथे समासात पेन्सिलीने बारीक टिंब द्यायच्या आणि पुढच्या मुलीकडे वळायच्या. ते टिंब शोधताना मी शिकले. अशी बाई नवसाने तयार होत नाही.

शिकवायचंच असेल तर पदवी, बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा हा रस्ता सगळ्यांना मोकळा आहे. त्यासाठी व्रतं लागत नाहीत. पदवीनंतरही तिला सिस्टर व्हावंसं वाटलं तर संस्थेच्या दारात ती एकटी जाऊ दे.

तुमच्या पत्रात तिच्या आवडीबद्दल एकच वाक्य आहे, तेही तक्रारीचं. शिवणयंत्र उघडल्यावर ती ते परत जोडते का? जोडल्यावर चालतं का? तसं असेल तर टक्के कितीही असोत, मला तिच्याशी डिप्लोमाबद्दल बोलायचंय.

अर्ज परत पाठवते आहे. सोबत एक बंद पाकीट आहे, ते तिला द्या. आत काय लिहिलंय ते वाचू नका.