उन्हाळ्यासाठी रायडिंग पँट कशी निवडावी? जीन्सवर नी-गार्ड बांधून भागेल का?

रोज तीस-पस्तीस किलोमीटर बाईक चालवता, वेग ५० च्या वर क्वचितच जातो, उन्हात जाड पँट सहन होत नाही, तेव्हा जीन्सवर नी-गार्ड बांधले तर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. काय घ्यावं ते पुढे सांगतोच, पण आधी त्या "५० च्या वर जात नाही"बद्दल बोलू द्या. सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी रोज म्हणायचो.

त्या दिवशी माझा वेग चाळीसच्या आसपास होता. भर दुपार, डावीकडचं साधं वळण, आणि वळणावर कुठल्याशा ट्रकमधून सांडलेली बारीक खडी. पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या कुशीवर रस्त्यावर. पडताना फारसं काही कळलं नाही. घसटत जाताना मात्र मांडीला इस्त्री टेकवल्यासारखं लागत होतं. उठून उभा राहिलो तर जीन्स बऱ्यापैकी शाबूत दिसत होती. गुडघ्यावर भोक पडलं होतं आणि कमरेखाली, खिशाच्या बाजूची शिवण वीतभर उसवली होती. मला वाटलं, थोडक्यात निभावलं.

दवाखान्यात सिस्टरांनी जीन्स कापून काढली, चिमटा घेतला आणि जखमेतून निळे दोरे वेचायला सुरुवात केली. जीन्सचेच दोरे. रक्ताने भिजून मांसात रुतून बसलेले. एकेक ओढला की त्याच्याबरोबर खडीचा एखादा कण बाहेर यायचा आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टक्कन वाजायचा. मी दोरे मोजत होतो. सतरापर्यंत मोजले, मग डोळे मिटून घेतले. हाड एकही मोडलं नव्हतं. गुडघ्यापासून खुब्यापर्यंत कातडी मात्र सोलपटून निघाली होती. पुढचे तीन आठवडे उजव्या कुशीवरच झोपलो. झोपेत वळलो की चादर जखमेला चिकटायची आणि सकाळी पाणी लावून लावून सोडवावी लागायची.

चाळीसच्या वेगाने पडलेला माणूस कोरड्या डांबरावर साधारण नऊ-दहा मीटर घसटतो, पन्नासला तेच अंतर चौदा मीटरच्या घरात जातं. म्हणजे दीड ते दोन सेकंद. घर्षणाच्या चाचण्यांमध्ये साधं डेनिम सेकंदभरही टिकत नाही. उरलेला सगळा वेळ रस्त्याला लागते ती तुमची कातडी. तुमच्या नी-गार्डने गुडघ्याची वाटी वाचेल. मांडी, खुबा आणि बसण्याची जागा वाचणार नाही, आणि माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त सोलवटलं होतं ते तिथेच.

आता खरी दुखरी गोष्ट. माझ्याकडे रायडिंग पँट होती. त्या दुपारीही होती, घरी दाराच्या मागे खुंटीला.

ती घ्यायला लावली होती माझ्या मामेभावाने. दादानेच मला बाईक शिकवली, हेल्मेटचा पट्टा कसा बांधायचा तेही त्यानेच शिकवलं, त्यामुळे त्याचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. दुकानात मी जाळीची, म्हणजे मेशची पँट हातात घेतली तेव्हा तो म्हणाला, "ठेव ती मच्छरदाणी. पँट एकदाच घ्यायची, बारा महिने चालेल अशी." मग घेतली ती तीन थरांची. बाहेर जाड कापड, मध्ये पाणी न शिरू देणारा शिवलेला थर, आत अस्तर. थंडीत आणि पावसात मी ती आनंदाने घातली. उन्हाळा लागला आणि पहिल्याच आठवड्यात सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिनची धग आत कोंडायला लागली. घाम मांडीवरून ओघळून बुटात जायचा. दहा दिवस चिकाटीने घातली. अकराव्या दिवशी खुंटीला लावली. पडलो त्यानंतर महिन्याभराने.

दादा भेटायला आला आणि पहिलं वाक्य काय, तर "पँट घातली असतीस तर?" मी गप्प बसलो. घरातले सगळे माझ्याकडेच बघत होते. आळशीपणा माझाच, असं सगळ्यांनी धरलं आणि तेव्हा मीही तेच मान्य केलं.

आज मान्य करत नाही. ४० अंशांत जी पँट अंगावर राहू शकत नाही ती उन्हाळ्यासाठी चुकीची पँट आहे, मग तिच्यावर कितीही एएए, म्हणजे सगळ्यात वरचा सुरक्षा वर्ग, छापलेलं असो. घालणाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. गरमी हाही सुरक्षेचाच भाग आहे. अंगातलं पाणी कमी झालं, डोकं जड झालं की ब्रेकवरची बोटं उशिरा हलतात, हे मी त्या दहा दिवसांत स्वतः अनुभवलंय. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून मोटोकॅप नावाचा उपक्रम रायडिंगचे कपडे प्रयोगशाळेत तपासतो. त्यात संरक्षणाचे तारे वेगळे देतात आणि गरमीत कपडा किती सुसह्य आहे याचे वेगळे. तपासणारी माणसं दोन्ही गोष्टी मोजतात, तर दुकानात आपण एकच का मोजायची?

तर आता तुमची पँट. पहिली गोष्ट, पाण्याचा थर आत कायमचा शिवलेला असेल तर ती पँट परत ठेवा. तो थर बाहेरचा वारा आत येऊ देत नाही आणि आतला घाम धड सुकू देत नाही. पावसासाठी वरून चढवायची पातळ रेनपँट वेगळी घ्यावी आणि सीटखाली किंवा बॅगेत टाकून ठेवावी.

दुसरी गोष्ट लेबल. आतल्या बाजूला बाईकस्वाराचं छोटं चित्र आणि ईएन १७०९२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक असतो, त्याखाली वर्ग. एएए सगळ्यात वरचा, मग एए, मग ए. पडताना जिथे सगळ्यात जास्त घासतं, म्हणजे गुडघे आणि खुबे, त्या भागाचं कापड ए वर्गासाठी साधारण ताशी ४५ किलोमीटर वेगाला तपासतात, एएसाठी ७० आणि एएएसाठी १२०. बी वर्गात कापड ए इतकंच टिकतं पण पॅड नसतात, आणि सी म्हणजे नुसतं पॅड धरून ठेवणारं आतून घालायचं जाळीदार कापड. तुमच्या वापराला चांगली एए मेश पँट घ्या. ए वर्गाची अगदी झिरझिरीत मेश पन्नासला काठावर पडते. मेश घेताना जाळी कुठे आहे ते बघा. मांडीच्या पुढच्या बाजूला आणि पोटरीला असेल तर उत्तम. खुबा, बूड आणि गुडघा इथे मात्र सलग, जाड कापड हवं. सगळीकडे सारखीच जाळी असेल तर दादाचा मच्छरदाणी हा शब्द तिला लागू पडतो, हे मी कबूल करतो.

अरामिड, म्हणजे केव्हलरसारखा मजबूत धागा, लावलेल्या रायडिंग जीन्सबद्दलही लोक तुम्हाला सांगतील. जुन्या पद्धतीच्या जीन्समध्ये आत अस्तरासारखा वेगळा थर असतो आणि तो चांगलाच तापतो. कापडातच मजबूत धागा विणलेली एकपदरी जीन्स त्यापेक्षा बरी, ऑफिसमध्येही चालते. पण वारा खेळता राहण्यात ती मेशला गाठत नाही.

पॅडबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण उन्हाळ्याचा खरा संबंध इथे येतो आणि दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या पॅडचं मानक ईएन १६२१-१. ठरलेला आघात करून पॅडच्या पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात. लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. म्हणून लेव्हल २ घ्या, जाडीत पडणारा फरक सहन होण्यासारखा असतो. आणि पॅड बाहेर काढून त्यावर टी+ ही खूण आहे का बघा. आजकालचे मऊ पॅड उष्णतेने आणखी मऊ पडतात. टी+ म्हणजे ते ४० अंशांतही तपासले आहेत. ही चाचणी सक्तीची नाही, त्यामुळे खूण नसलेले पॅडही राजरोस विकले जातात. खुब्याचे पॅड तर ए वर्गात सक्तीचेही नाहीत. पुष्कळ पँटींत तिथे नुसता रिकामा खिसा किंवा स्पंजचा तुकडा असतो. तो काढून खरं पॅड घाला. माझा डावा खुबा अजून गार हवेत ओढल्यासारखा होतो, म्हणून हे पुन्हा सांगतोय.

शिवणी आतून उलटून बघा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला निदान दुहेरी शिलाई हवी. अपघात झालेल्या २१२ बाईकस्वारांचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. संरक्षक कपड्यांमुळे इजा कमी झाल्याचं त्यात दिसलंच, पण घातलेल्या रायडिंग पँटींपैकी पाव भागाहून जास्त पँटी ऐनवेळी कामी आल्या नाहीत हेही दिसलं. माझ्या जीन्सची शिवण कापडाच्या आधी गेली होती, त्यामुळे मी आता कापडाआधी शिवणीला हात लावतो.

आणि उभ्याने पँट घालून आरशात बघू नका. बाईकवर बसून बघा. गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीबरोबर गेलो होतो. उभी असताना पॅड बरोबर गुडघ्यावर होतं आणि बसल्यावर चार बोटं सरकून मांडीवर आलं. आतला खिसा वर-खाली करता येणारी पँट मागितली तेव्हा काम झालं. तिलाही दादाने फोन करून मच्छरदाणीचंच ऐकवलं होतं. ती त्याला म्हणाली, "दादा, मला रोज घालायची आहे." मला सहा वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या खाटेवरून हेच म्हणायचं होतं.

दादाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तो एकदा हायवेवर शंभराच्या आसपास पडला होता, आणि चामड्याच्या पँटमुळे चालत घरी आला. त्याचं मत तिथून आलेलं आहे, आणि त्या वेगाला ते बरोबर आहे. तुम्ही सुट्टीत लांब जात असाल, तासन्‌तास ९०-१०० ने चालवत असाल, तर त्या दिवशी मेशवर विसंबू नका, एएए घ्या आणि पहाटे लवकर निघा. मेशबद्दल आणखी एक. हवा कातडीपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांहून गरम झाली की नुसता वारा गारवा देत नाही, गारवा येतो तो घाम सुकण्यातून. मेशमध्ये तो इतका झटपट सुकतो की घाम येतोय हेच कळत नाही. म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. आत घाम शोषणारी पातळ, पायभर टाइट्स घातलीत तर अस्तर अंगाला चिकटत नाही.

पँट हातात येईपर्यंत नी-गार्ड बांधणारच असाल तर जीन्सच्या आतून बांधा. वरून बांधलेले घसटताना पहिल्याच झटक्यात पोटरीवर उतरतात. आणि पट्ट्या आवळताना गुडघा वाकवून बसा, उभ्याने आवळलेल्या पट्ट्या गाडीवर बसल्यावर हमखास सरकतात.