दांडा कापायचा, की आधी बुश बघायचा?

प्रश्न : माझ्याकडे सेकंडहँड हॅचबॅक आहे, १२ वर्षं जुनी, ८७ हजार किमी झालेत. गियरचा दांडा लांबलचक वाटतो, पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला हात पार सीटपर्यंत मागे येतो, आणि थर्ड कुठे लागला ते कळतच नाही. मित्र म्हणतो दोन इंच कापून टाक, वरून नवे आटे पाडून नॉब बसव, रेसिंग कारसारखा शॉर्ट शिफ्टर होईल. आमच्या गल्लीत लेथवाला आहेच. कापू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : थांबा जरा, करवत खाली ठेवा. इचलकरंजीत लेथवाल्यांची कमी नाही हे मान्य, पण तुमच्या पत्रात मला दांड्यापेक्षा दुसरंच वाक्य टोचलं, "थर्ड कुठे लागला ते कळतच नाही". दांडा लांब असला तर हात जास्त फिरतो एवढंच, गियर लागल्याचा खटका तरी हाताला कळतो. खटकाच कळत नसेल तर मधे कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा आलाय.

तुमच्यासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दांडा थेट गियरबॉक्समध्ये जात नाही, मधे केबली नाहीतर रॉड असतात, आणि त्यांच्या टोकांना प्लास्टिकचे नाहीतर रबरी बुश, म्हणजे जोडात बसवलेल्या छोट्या कड्या. १२ वर्षांत ते झिजतात, मग दांड्याची पहिली थोडी हालचाल नुसती बुशच्या भोकात जिरते आणि आपल्याला वाटतं दांडाच लांब आहे. घरी बघता येतं. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला वीट. गियर थर्डमध्ये टाका, कुणालातरी बोनेटपाशी उभं करा आणि तुम्ही आत बसून दांडा हलकेच पुढे-मागे हलवा. तिकडे गियरबॉक्सवरच्या पट्टीला केबल जिथे अडकवलेली असते तिथे त्याने नजर ठेवायची (बऱ्याच गाड्यांत बॅटरी किंवा एअर फिल्टरच्या खाली डोकावावं लागतं). केबलचं टोक हलतंय आणि पट्टी ढिम्म, तर बुश गेला. केबलचं टोकही हलत नाही आणि तुमच्या हातात दांडा डुगडुगतोय, तर मग दांड्याच्या बुडाशी, बूटच्या (दांड्याभोवतीच्या आवरणाच्या) आत बघा.

आता समजा बुश ठणठणीत आहेत आणि तरी कापायचंच आहे, तर हिशोब करू. दांडा म्हणजे साधी तरफ. मधे बिजागरीसारखा एक गोळा असतो, समजा त्याच्या वर ३० सेंटीमीटर दांडा आहे आणि खाली ५. नॉब १२ सेंटीमीटर फिरला की खालचं टोक २ सेंटीमीटर सरकतं, गियर बदलायला तेवढंच लागतं. वरून ५ सेंटीमीटर उडवले, म्हणजे तुमच्या मित्राचे दोन इंच, तर नॉबचा प्रवास १२ वरून १० वर येतो. पण जोर सव्वापटीच्या जवळ जातो, आधी ४ किलो लागत असेल तर आता ४.८. फुकट काही मिळत नाही, हात कमी फिरवायचा तर दाबायचं जास्त. थंडीतल्या सकाळी गियर ऑइल घट्ट असतं, सिंक्रोच्या रिंगांना (गियर लागण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या) वेळ लागतो, तेव्हा हा वाढलेला जोर तुम्ही घाईत दामटवणार आणि त्या रिंगा झिजणार.

आणखी एक गोष्ट मित्र सांगत नाही, प्रवास फक्त पुढे-मागे कमी होत नाही, आडवाही होतो. पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा यांच्यातलं अंतरही त्याच प्रमाणात आक्रसतं. हायवेला पाचव्यातून चौथ्यात जाताना दांडा दुसऱ्यात गेला आणि क्लच सोडला तर इंजिन कसं किंचाळतं ते ज्याने ऐकलंय त्याला विचारा.

विकत मिळणारे चांगले शॉर्ट शिफ्टर वरून कापत नाहीत, गोळ्याखालची बाजू लांब करतात. वर ३०च ठेवून खाली ५ ऐवजी ६ केले तरी नॉबचा प्रवास १० होतो, जोर तेवढाच वाढतो, पण नॉब हाताच्या जागी राहतो, गुडघ्याजवळ वाकावं लागत नाही. केबलच्या गाडीत गियरबॉक्सवरची पट्टी थोडी आखूड करूनही हेच साधतात, आणि नुसती पुढे-मागेवाली पट्टी बदलली तर आडवं अंतर आहे तेवढंच राहतं. मी करायचं झालं तर हेच करेन.

कापण्याचा अनुभव आहे म्हणून सांगतो. कॉलेज सुटल्यावर घेतलेल्या पहिल्या गाडीचा दांडा मी न काढता, गाडीतच ग्राइंडर लावून कापला. ठिणग्या सीटकव्हरवर, कव्हरला सतरा भोकं, आणि दांडा इतका तापला की खालचा प्लास्टिकचा बुश मऊ पडला. वडिलांनी ते सीट बघितलं आणि आठवडाभर गाडीची चावी स्वतःच्या खिशात ठेवली. तेव्हा कापायचाच असेल तर बाहेर काढून कापा. रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग वर ओढावी लागत असेल तर हातच लावू नका, त्या रिंगची वायर किंवा सळी दांड्यावरूनच खाली जाते. नॉब घेताना आटे मोजा, होंडाचे बहुतेक नॉब १० मिमी, १.५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) असतात, टोयोटाचे १२ मिमी, १.२५ पिचचे, एकाचा दुसऱ्यावर जबरदस्तीने फिरवला की आटे चेचले म्हणून समजा. काहीच न कापता फरक हवा असेल तर जड नॉब लावून बघा, वजनामुळे गियर जरा सहज सरकतो.

प्रश्न : माझ्या आईचा उजवा खांदा ठीक आहे पण डावा दुखतो, गियर टाकताना कण्हते. उलट दांडा लांब करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : येतो. नॉबखाली लावायचे एक्स्टेन्शन मिळतात, आटे जुळवून घ्या. वरच्याच हिशोबात ३० चे ३५ झाले तर जोर सातव्या हिश्शाने कमी लागतो, पण हात १२ ऐवजी १४ सेंटीमीटर फिरतो. दुखऱ्या खांद्याला कमी जोर बरा की कमी फिरणं, हे आईंनाच दोन दिवस चालवून ठरवू द्या. लावल्यावर गाडी उभी ठेवून सगळे गियर टाकून बघा, पुढच्या गियरला बोटं डॅशबोर्डला घासतायत का आणि मागच्याला हात सीटला अडतोय का. आणि त्याआधी क्लच तपासून घ्या, पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नसेल तर गियर कुणाच्याही खांद्याला जडच जाणार.