सोलापुरात राहून हौशी धावण्यावर मराठी पॉडकास्ट काढावा का? आणि पळण्याचा उत्साह टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात राहता, चाळिशी ओलांडलीय, वर्षभरापासून हौसेनं पळताय आणि 5 किलोमीटरला जवळजवळ 40 मिनिटं लागतात. पळण्यावर मराठीत पॉडकास्ट काढायचं मनात आहे, पण एवढ्या वेगाच्या माणसाचं कोण ऐकणार, सामान काय लागतं, आणि आपलाच उत्साह अधूनमधून मावळतो तर दुसऱ्यांना काय सांगायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी होटगी रोडला राहते, कॉलेजात शिकवते आणि काही वर्षांपासून असाच एक छोटा पॉडकास्ट एकटीनं चालवते. तुम्ही जरूर करा. फक्त सुरुवातीलाच एक ठरवून टाका: पॉडकास्टमध्ये प्रेरणेवर बोलायचं नाही, पळण्यावर बोलायचं.

हे मी फार मनापासून सांगतेय. 'स्वतःवर विश्वास ठेवा', 'हार मानू नका' अशी वाक्यं ऐकणाऱ्याला दहा मिनिटं बरी वाटतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा गजर वाजला की त्यातलं एकही आठवत नाही. त्याउलट, 'विजापूर रोडला संभाजी तलावाच्या बाजूनं पहाटे पळत होते, थंडी एवढी होती की पहिला किलोमीटर हात खिशातच होते' असं सांगितलं की तो रस्ता माहीत असलेल्या माणसाला वाटतं, हे तर आपणही करू. तिथं पळून आल्याशिवाय हे सांगता येत नाही, म्हणजे भाग करायचा तर आधी पळावंच लागतं. माझा उत्साह टिकला तो यामुळं.

कोजागरीला तुळजापूरच्या रस्त्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. सोलापुरातून आणि पार कर्नाटकातून लोकांची रीघ लागते, रस्ता वाहनांना बंद करावा लागतो, आणि बायाबापड्या, पोरं, म्हातारी माणसं रात्रभर चालतात. कितीतरी जण अनवाणी. सोलापूर ते तुळजापूर साधारण 45 किलोमीटर. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. म्हणजे आपल्या गावातली हजारो माणसं, ज्यांनी जन्मात धावण्याचे बूट घेतलेले नाहीत, ती दरवर्षी मॅरेथॉनपेक्षा जास्त अंतर पायी तोडतात. मी एका कोजागरीला त्या गर्दीबरोबर चालले आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत गेले. प्रेरणेबद्दल कुणीच बोललं नाही. बोलणं होतं ते याचंच की आमच्या गल्लीतले आम्ही दरवर्षी जातो, पुढं चहा कुठं मिळतो, मागच्या साली कुणाचा पाय सुजला होता. तारीख ठरलेली असते, सोबत ठरलेली असते आणि ठिकठिकाणी कुणीतरी चहा, केळी, पाणी घेऊन उभं असतं. हौशी धावणाऱ्याला नेमकं हेच लागतं, आणि आपल्याकडं ते वर्षातून एकदाच जमून येतं. पॉडकास्टनं ते बाकीच्या दिवसांसाठी थोडंफार जमवून द्यावं, एवढीच माझी अपेक्षा असते.

म्हणून माझा भाग एक आड एक रविवारी येतो आणि त्यात त्या पंधरवड्यात जे पळणं झालं तेच येतं. झालं नसेल तर का झालं नाही, ते येतं. सोलापुरात त्याचं मोठं कारण पाणी! नळाला रोज पाणी नाही, आणि आलं तर पहाटे येतं. त्या दिवशी घरातल्या माणसानं पळायला जायचं की पाणी भरायचं? यावर मी एक भाग केला होता. पाण्याचा दिवस हाच विश्रांतीचा दिवस धरायचा आणि बाकीचा आठवडा त्याभोवती आखायचा, असं त्यात सांगितलं. सगळ्यात जास्त निरोप त्याच भागावर आले, आणि बहुतेक बायकांचे होते.

आता वेगाचं. ललिता बाबर शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत ती पळाली. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे त्याच शर्यतीत 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रं लिहितात, वाहिन्या मुलाखती घेतात, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण 5 किलोमीटर 40 मिनिटांत पळणाऱ्या, दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या, साखरेची गोळी चालू असलेल्या माणसानं कसं पळावं, हे त्याच्याच वेगाच्या कुणीतरी मराठीत सांगितलेलं फारसं सापडत नाही. तुमच्याकडं सांगण्यासारखं आहे ते हेच. वेळ लपवू नका. दर भागात सांगा.

पाहुणे बोलवाल तेव्हा 'तुम्हाला पळण्याची प्रेरणा कुठून मिळाली?' हा प्रश्न विचारू नका. त्यावर सगळे एकच उत्तर देतात. 'आज किती वाजता उठलात? निघताना घरात कोण जागं होतं? बूट कुठं ठेवता? परत आल्यावर पहिल्यांदा काय खाल्लं?' असं विचारा. माझ्याकडं एकदा पूर्व भागातले एक काका आले होते. सगळा जन्म यंत्रमागावर गेलेला, काम सुटल्यावर पार्क मैदानावर फेऱ्या मारायला लागले आणि हळूहळू पळायलाच लागले. घरात कोण जागं असतं विचारल्यावर ते बायकोबद्दलच बोलत राहिले. ती पहाटेपासून विड्या वळते, हे निघाले की म्हणते, 'माझ्याही वाटणीचं पळून या.' मग म्हणाले, "मागापाशी दिवसभर नुसतं उभं राहायचं बघा. पायाला कामच नव्हतं, नुसता भार होता. आता त्यांना काम देतो." प्रेरणेचा प्रश्न विचारला असता तर हे वाक्य मला मिळालं नसतं. त्यांच्या बोलण्यात तेलुगू होतं, आणखी एका पाहुण्याच्या बोलण्यात निम्मं कन्नड होतं. मी त्यातलं काही कापत नाही. सोलापूर असंच बोलतं, आणि ऐकणाऱ्यांना ते घरचं वाटतं.

सामानाची चिंता फार करू नका. मोबाइल आणि कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक, एवढ्यावर माझे सुरुवातीचे सगळे भाग झाले. पैसे घालायचेच असतील तर आधी खोलीच्या आवाजाकडं बघा. मोकळ्या भिंती आणि फरशीवरून आवाज आपटून येतो, त्यावर कुठलाही महाग माइक उपाय नाही. आपल्याकडं मात्र घरोघर सोलापुरी चादरी आहेत. जाड सुती कापड आवाज शोषून घेतं. दोन चादरी दुहेरी करून दोरीवर टाका, भिंतीपासून हातभर पुढं, म्हणजे मागं हवेची फट राहते आणि परिणाम वाढतो. तिसरी टेबलावर अंथरा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' चा फटका बसत नाही. पंखा बंद करावाच लागतो. पूर्व भागात राहणाऱ्यांना मागांच्या खटखटाटाची अडचण येते, तिथं सुटीच्या दिवशीच रेकॉर्डिंग जमतं.

काटछाटीला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पंख्याची किंवा रस्त्याची घरघर कमी करायची सोय त्यात आहे आणि सगळ्या भागांचा आवाज एकसारखा करायचीही. एकट्याचं बोलणं असेल तर मोनोच ठेवा, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, आणि पातळी उणे 19 एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो ते मोजायचं एकक) आसपास. स्टिरिओ असेल तर उणे 16. भाग चढवायला स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स पुरेसं आहे, पैसे पडत नाहीत, आणि तिथं जो आरएसएस फीड (नवे भाग दुसऱ्या ॲपपर्यंत आपोआप पोचवणारी लिंक) तयार होतो तोच ॲपल पॉडकास्ट्समध्ये आणि यूट्यूबवर जोडता येतो. सिनेमाचं गाणं सुरुवातीला लावू नका, हक्काचा प्रश्न येतो आणि भाग काढून टाकला जाऊ शकतो. मी सिद्धेश्वर तलावाच्या काठावरचा पहाटेचा आवाज वापरते: पक्षी, घंटा, लांबून येणारी एखादी रिक्षा.

मला सगळ्यात आवडतं ते पळता पळता केलेलं रेकॉर्डिंग. आरामाच्या वेगाची सोपी खूण अशी की पूर्ण वाक्य न अडखळता बोलता यायला हवं. दोन-दोन शब्दांवर दम तुटत असेल तर आपण त्या दिवसासाठी जास्त जोरात पळतोय. नवख्या माणसाचं बहुतेक पळणं या बोलता येण्याजोग्या वेगानंच व्हायला पाहिजे. त्यामुळं माइक लावून पळत बोललात की ऐकणाऱ्याला हा वेग कानानं कळतो. कोष्टकं, नाडीचे आकडे यांनी हे इतकं नीट पोचत नाही. माइकला फोमची टोपी घाला, नाहीतर वाऱ्याचा खरखराट सगळं खाऊन टाकतो. आणि मोकळ्या रस्त्यावर हे करू नका. साखर कारखान्यांचा हंगाम चालू झाला की उसाच्या ट्रॉल्या अंधारात मागच्या दिव्याशिवाय जात असतात. तेव्हा कानही मोकळे हवेत आणि लक्षही. पार्क मैदान, स्मृती उद्यान, अशा बंदिस्त जागीच बोलत पळा.

याच्याच शेजारची गोष्ट, बाई म्हणून मला फार महत्त्वाची वाटणारी. कुणीही पाहुणी कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, कोणत्या वारी एकटी पळते, हे भागात येऊ देऊ नका. ती स्वतः बोलून गेली तरी कापा. धावण्याच्या ॲपमध्ये घराजवळची सुरुवात लपवायची सोय असते, ती स्वतःसाठी चालू करा आणि श्रोत्यांनाही सांगा. भाग बाहेर जाण्याआधी पाहुण्याला ऐकवायचा, हा नियम मी कधी मोडत नाही.

वर्षभर भाग काढायचं ओझं घेऊ नका. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा 40 च्या वर असतो, सकाळी सात वाजताच ऊन लागतं. शरीराला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस जातात आणि तोवर वेग आपोआप पडतो. या काळात माणसं नाउमेद होतात, त्यांना हे कारण माहीत नसतं. मी गणपतीपासून संक्रांतीपर्यंत एक पर्व करते. पावसाळा सरत आलेला असतो, पुढं थंडी, हुरडा, आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असल्यामुळं गावातले बरेच जण तेव्हा सरावात असतात. संक्रांतीची सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा सुरू झाली की गावातले रस्तेही भरतात आणि पर्व आपोआप संपतं. उन्हाळ्यात मी पळते, पण पाचच्या आत बाहेर पडून आणि कमी. त्या महिन्यांत बोलायचं बंद ठेवल्यामुळं गणपतीच्या आधी सांगण्यासारखं बरंच साठलेलं असतं.

गुडघा, छाती, साखर, रक्तदाब या विषयांवर तुम्ही स्वतः सल्ला देऊ नका. एखाद्या डॉक्टरांना बोलवा आणि श्रोत्यांचे प्रश्न त्यांच्यापुढं ठेवा. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं, एवढं मात्र निःसंकोच आणि पुन्हा पुन्हा सांगा. आपल्याकडं 'होईल बरं' म्हणून अंगावर काढायची सवय फार आहे.

ऐकणाऱ्यांचा आकडा पर्व संपल्यावरच बघा. मधे बघितला की पुढचा भाग त्या आकड्यासाठी होतो. त्यापेक्षा भागाच्या शेवटी सांगा की पुढच्या रविवारी इतक्या वाजता पार्क मैदानावर मी चार फेऱ्या हळू पळणार आहे, यायचं असेल त्यानं या. कधी एक जण येईल, कधी कुणी येणार नाही, तरी तुम्ही जाल, कारण सांगून बसलाय. माझ्याबरोबर पळणाऱ्या सगळ्या बायका अशाच आल्या. त्यातली एक आता भागांची काटछाट करते आणि माझं बोलणं लांबलं की निर्दयपणे कापते.

पहिला भाग 15 मिनिटांच्या वर नेऊ नका. त्यात तुमची ओळख दोन वाक्यांत उरका आणि तुमच्या घरापासून तुमच्या नेहमीच्या वळणापर्यंतचा रस्ता सांगा: कुठं चढ आहे, कुठं कुत्री अंगावर येतात, चहाची टपरी किती वाजता उघडते. तीन भाग हातात तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका, म्हणजे परीक्षा, लग्न, आजारपण आलं तरी तारीख चुकत नाही. टाकलात की मला कळवा. ऐकेन आणि जे वाटलं ते स्पष्ट लिहीन.