नर कुत्र्याची कसली सोनोग्राफी?

तुमचा लॅब्रॅडॉर सात वर्षांचा, दोन मेटिंग फुकट गेली आणि आता डॉक्टर सोनोग्राफी करा म्हणतायत, त्यावर तुम्ही विचारलंय 'नराच्या पोटात काय पिल्लं बघायची का?' हसू आलं, कारण आमच्या आईचंही अगदी हेच म्हणणं होतं.

आमचा बंड्या तेव्हा आठचा, नसबंदी केली नव्हती. एकदा झोपून उठला तर फरशीवर रक्ताचे तीन-चार थेंब, लघवी मात्र स्वच्छ. पहिल्या डॉक्टरांनी युरिन इन्फेक्शन समजून दोनदा गोळ्या दिल्या, फरक शून्य. मग शी करताना कुंथायला लागला आणि शी यायची ती चपटी, पट्टीसारखी. दुसऱ्या डॉक्टरांनी हे 'चपटी' ऐकलं आणि लगेच प्रोस्टेट (मूत्राशयाजवळची नराची ग्रंथी) बघू म्हणाले.

पोटाखालचे केस काढले, गार जेल लागल्यावर पठ्ठ्या दचकला, पण भूल वगैरे काही नाही, मी डोकं धरून बसलो आणि वीस मिनिटांत झालं. (जायच्या आधी शू करू देऊ नका हां, मूत्राशय थोडं भरलेलं असलं की प्रोस्टेट नीट सापडते.) स्क्रीनवर प्रोस्टेट चांगलीच मोठी, पण दोन्ही बाजूंनी सारखी, आत बारीक काळे ठिपके, म्हणजे पाण्याच्या गाठी. वयामुळे आणि टेस्टोस्टेरॉन या नर-हार्मोनमुळे होणारी साधी वाढ, सहा-सातच्या पुढे नसबंदी न झालेल्या बहुतेक नरांमध्ये होतेच, ती मागे आतड्याला दाबते म्हणून शी चपटी. वेडीवाकडी वाढ किंवा कॅल्शियमचे पांढरे डाग दिसले असते तर कॅन्सरची शंका घेऊन पुढे तपासावं लागलं असतं.

मग अंडकोष. निरोगी असेल तर आतून सगळं एकसारखं करडं आणि मधोमध एक पांढरी रेघ. बंड्याच्या डाव्या बाजूला मटाराएवढी गाठ निघाली, जी हाताला कुणालाच लागली नव्हती! नसबंदी केली, म्हणजे अंडकोषच काढले, गाठही गेली आणि प्रोस्टेट काही आठवड्यांत आकसली. तुमच्याकडे एकच अंडकोष खाली उतरलेला असेल तर दुसरा पोटात कुठे अडकलाय तेही यातच शोधतात, आणि तसं असेल तर ब्रीडिंगचा विचार सोडाच, ते पिल्लांत उतरतं.

पण तुमचा मुद्दा मेटिंगचा आहे, म्हणून सांगतो, सोनोग्राफी क्लीन आली म्हणजे कुत्रा फर्टाइल आहे असं नाही. आत बिघाड आहे का ते कळतं, शुक्राणू किती आणि कसे पळतात ते नाही, त्याला सीमेन टेस्टच (वीर्याची तपासणी) लागते. आणि मध्यंतरी जोरदार ताप येऊन गेला असेल तर एका टेस्टवर निकाल लावू नका, नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने जातात, नंतर परत करा. ब्रुसेलाची (मेटिंग फुकट घालवणारा एक जिवाणू) रक्ततपासणीही मागून घ्या, हे इन्फेक्शन माणसालाही लागतं, रिपोर्ट येईपर्यंत मेटिंग बंद आणि त्याची शू पुसताना हातमोजे घाला.