मोटारसायकल अपघाताची पहिली केस हाती घेताना

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. जखमी मोटारसायकलवाल्याच्या वकिलांसाठी अपघाताचा तपास तू करणार आहेस. मोटारसायकलवाला अजून बोलण्याच्या स्थितीत नाही आणि वळताना त्याच्या आडवा आलेल्या कारचालकाचा जबाब तयार आहे: "तो सुसाट आला." वेग कसा काढायचा, एवढंच तू विचारलं आहेस.

त्याआधी जागेवर जा. मी एकदा कागदपत्रं जमवण्यात आठ दिवस घालवले. पोचलो तेव्हा तिथे नवं डांबर पडलं होतं. जखमी माणसाच्या बाजूने बोलणारं जे काही होतं ते त्या डांबराखाली गेलं, आणि त्याची खंत मला आजही आहे. सीसीटीव्हीची मागणीही आजच लेखी दे, कारण जुन्या चित्रीकरणावर काही दिवसांतच नवं चढतं. कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढेमागे आहे तेही टिपून ठेव.

आता वेग. रस्त्यावर ब्रेकची २० मीटर लांब खूण आहे असं धर. घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायर रस्त्याला किती धरतो त्याचा आकडा, ०.७ घेतला की उत्तर येतं ताशी जवळजवळ ६० किलोमीटर. हा आकडा कारसाठी ठीक. पण बऱ्याच मोटारसायकलींचा पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा असतो. घाबरलेला माणूस कित्येकदा मागचाच ब्रेक करकचून दाबतो. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो, मागच्याची पकड कमी होते आणि गाडी कारइतकी लवकर थांबतच नाही. अशा वेळी ०.३५ च्या आसपासचा आकडा घ्यावा लागतो. खूण तीच, लांबी तीच, पण वेग येतो ४२. एक गृहीतक बदललं की सुसाट माणूस सुसाट राहत नाही. म्हणून दोन्ही टायर हाताने फिरवून पाहा. एकाच जागी घासून चपटा झालेला पट्टा फक्त मागच्यावर आहे, की पुढच्यावरही? अर्थात हा झाला फक्त घसरताना कमी झालेला वेग. धडकेच्या क्षणी उरलेला वेग वेगळा काढायचा, आणि दोन्हींची सरळ बेरीज करायची नाही: वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा असलेल्या गाडीची खूण पुसट असते, कधी दिसतही नाही. "खूण नाही म्हणजे ब्रेकच मारला नाही" हे कोणाचंही ऐकून घेऊ नकोस.

"त्याचा दिवा बंद होता" असंही कारचालक म्हणतो ना? जुन्या धाटणीचा बल्ब असेल तर उत्तर त्याच्या फिलामेंटमध्ये, म्हणजे आतल्या बारीक तारेत आहे. पेटलेलं फिलामेंट मऊ असतं, धक्क्याने त्याची वेटोळी ताणली जातात. काचही फुटली असेल तर तापलेल्या धातूला हवा लागून पिवळसर-पांढरी भुकटी बसते. थंड फिलामेंट मात्र ठिसूळ असतं. ते कटकन तुटतं, टोकं चकचकीत राहतात. गॅरेजमध्ये कोणीतरी "लागतोय का बघू" म्हणत बटणाकडे हात नेईलच. तो हात धर. फुटलेला बल्ब एकदा पेटवला की पुरावा जळून जातो. एलईडी असेल तर हा मार्ग बंद.

साक्षीदारांशी बोलताना शब्द जप. १९७४ मध्ये मानसशास्त्राच्या एका प्रयोगात एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना अपघातांच्या त्याच फिल्म दाखवल्या. प्रश्नात गाड्या "एकमेकींना लागल्या" असं म्हटलं तर सांगितलेला वेग सरासरी ताशी ३२ मैलांच्या आसपास आला. "आदळून चुराडा झाला" अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तर तो जवळजवळ ४१ झाला. तू फक्त विचार, "काय पाहिलंत?" आणि गप्प बस.

अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातले ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालानुसार, दुसरं वाहन असलेल्या अपघातांत सुमारे दोन तृतीयांश वेळा त्या दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलचा आधी जाण्याचा हक्क डावलला होता. याने तुझी केस सिद्ध होत नाही. कारचालक खोटंच बोलतोय असंही नाही. लहान वस्तू किती वेगाने जवळ येतेय याचा अंदाज डोळ्यांना नीट येत नाही. आणि मोटारसायकलवाला खरंच वेगात होता असं निघालं, तर ते वकिलांना पहिल्यांदा तूच सांग.

हेल्मेट अजून इस्पितळात असेल. घरच्यांनी ते धुण्याआधी जा, कागदी पिशवीत ठेव. प्लास्टिकमध्ये ओल धरते. पट्टा कापलेला असेल तर कोणी कापला ते विचार, आणि आतला फोम कुठे दबलाय त्याचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढ.

तुझा,
काका